भिंतीवरची कोळीण आणि नकाशातला कोळीवाडा

मुंबईत समुद्राविषयी कलाप्रकल्प करायचे ठरले की आधी भिंत शोधली जाते. भिंत मिळाली की विषय ठरलेलाच: नाकात नथ, केसांत गजरा, कमरेवर हात ठेवून उभी असलेली कोळीण, मागे निळ्या लाटा, लाटांवर एक होडी आणि खालच्या कोपऱ्यात खर्च उचलणाऱ्या कंपनीचे बोधचिन्ह. आठ-पंधरा दिवसांत चित्र पूर्ण होते, बातमी येते, फोटो फिरतात. ज्या बाईवरून ते चित्र बेतलेले असते तिची जागा बाजारात राहणार की जाणार, हा प्रश्न मात्र दुसऱ्याच खात्याच्या दुसऱ्याच फायलीत पडून असतो. पलटण रोडवरच्या घाऊक मासळी बाजाराची इमारत धोकादायक ठरली आणि 2021 मध्ये तिथल्या विक्रेत्यांना थेट ऐरोली नाक्यावर पाठवण्याचा प्रस्ताव पुढे आला. कोळणींनी त्या विरोधात रान उठवले. शहराच्या भिंतींवर कोळीण रंगवली जात होती ती याच वर्षांत.

चित्रांना माझा विरोध नाही. कळकट भिंतीपेक्षा रंगवलेली भिंत केव्हाही बरी. पण एखादा प्रकल्प जेव्हा स्वतःला 'लोकसहभागाचा' म्हणवतो, 'शहराचे समुद्राशी असलेले नाते' शोधायला निघाल्याचे सांगतो आणि त्यासाठी सार्वजनिक पैसा, सार्वजनिक जागा किंवा कंपन्यांचा सामाजिक निधी वापरतो, तेव्हा त्याला एक साधा प्रश्न विचारता आला पाहिजे. प्रकल्प आवरून मंडळी निघून गेल्यावर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात काय उरले? उद्या सरकारी टेबलावर ठेवता येईल असा एखादा नकाशा, नोंद, दस्तऐवज तिथे राहिला का? माझ्या मते या प्रकारच्या कलेला हाच निकष लावावा. तो कठोर आहे हे मला मान्य आहे.

सासून डॉकपासून सुरुवात करू. 1875 साली बांधलेली ही गोदी आजही मुंबईतल्या मासळीच्या उलाढालीची मोठी जागा. 2017 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात स्टार्ट इंडिया या संस्थेने इथल्या जुन्या गोदामात कलाप्रकल्प भरवला. ज्यांनी सासून डॉकचे नाव फक्त नाकाला रुमाल लावण्याच्या संदर्भात ऐकले होते, अशी दक्षिण मुंबईतली कुटुंबे तेव्हा पहिल्यांदा त्या फाटकातून आत गेली. संस्थेचे एक संस्थापक हनिफ कुरेशी यांनी तर वासावरच एक दालन उभे केले होते. ती कल्पना मला आजही सगळ्यात धीट वाटते, कारण मासळीचा वास हीच या शहरातली खरी सीमारेषा आहे. सोसायटीच्या नियमांत, भाड्याच्या जाहिरातींत, लिफ्टमधल्या नजरेत ती रोज आखली जाते. त्या रेषेवर बोट ठेवणारे काम कोळणीच्या शंभर रंगीत चित्रांपेक्षा खोल जाते.

पण पाहुण्यांची वेळ आणि गोदीची वेळ वेगवेगळी होती. गोदी जागी होते पहाटे. लिलाव, पाट्यांची ओढाताण, बर्फाचे दळण सगळे उजाडेपर्यंत उरकत आलेले असते. प्रेक्षक यायचे त्यानंतर, गर्दी ओसरल्यावर. शेडमध्ये मांडी घालून बसलेल्या, हातांची बोटे पाण्याने आणि कोळंबीच्या काट्यांनी सोलवटलेल्या बायका तेव्हाही कोळंबी सोलत असत. त्यांतल्या पुष्कळशा कोळी नाहीतच, पोटासाठी बाहेरून मुंबईत आलेल्या आहेत. किलोवर मजुरी घेणाऱ्या या बाईला 'समुद्राशी नाते' या शब्दप्रयोगात कुठे बसवायचे, हे ना आपल्या कोळीगीतांना ठाऊक आहे ना आपल्या भित्तिचित्रांना. हे स्टार्टच्या मंडळींवर फोडावे असे खापर नाही. मराठी माणसाचीही यात पुरेशी भागीदारी आहे. स्नेहसंमेलनात कोळीनृत्य नाही अशी मराठी शाळा शोधून सापडायची नाही, पण त्या मुलांपैकी किती जणांना डोल जाळे म्हणजे काय ते सांगता येईल?

पुढे सुशोभीकरणाची लाट आली. 2022 च्या अखेरीस मुंबई महापालिकेने सतराशे कोटींच्या घरातला सौंदर्यीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला. दिव्यांच्या खांबांना रोषणाईच्या माळा, पुलांखाली रंग, भिंतींवर चित्रे. त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. खांबाला दिव्यांची माळ गुंडाळणे हा कलेचा विषय नव्हे, कंत्राटाचा आहे.

निकष लावून पाहायचा तर वरळीला जावे लागते. सागरी किनारा मार्गाचा दक्षिण भाग, सुमारे साडेदहा किलोमीटरचा, 2018 च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि त्याची पहिली बाजू 2024 च्या मार्चमध्ये खुली झाली. त्यासाठी समुद्रात सुमारे 111 हेक्टर भराव पडला. हा मार्ग वांद्रे-वरळी सागरी सेतूला जिथे जोडायचा होता, नेमक्या तिथूनच वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातल्या होड्या समुद्रात जातात. आराखड्यात दोन खांबांमधले अंतर होते 60 मीटर. मच्छीमार म्हणत होते, 200 मीटर हवे. कागदावर पाहणाऱ्याला ही मागणी अवाजवी वाटणार. होडी जेमतेम काही मीटर रुंद, मग तिला साठ मीटर का पुरू नयेत? पण होडी रस्त्यावरच्या मोटारीसारखी सरळ रेषेत जात नाही. वारा तिला ढकलतो, पाण्याची ओढ तिला फिरवते, खाली खडक कुठे आहेत ते ओहोटीलाच कळते आणि परतताना अंधार असतो. हे सगळे ज्ञान वरळीच्या नाखवांच्या डोक्यात होते. पालिकेच्या नकाशावर नव्हते. काम अडवावे लागले, होड्या आडव्या घालाव्या लागल्या, न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आणि शेवटी डिसेंबर 2022 मध्ये 120 मीटरवर तडजोड झाली.

आता कल्पना करा की त्याआधीच्या दहा वर्षांत वरळी कोळीवाड्यात आलेल्या एखाद्या कलाप्रकल्पाने भिंती रंगवण्याऐवजी नाखवांबरोबर बसून तिथल्या पाण्याचा नकाशा काढला असता. प्रत्येक खडकाचे नाव, कोणत्या वाऱ्यात होडी कोणत्या अंगाने काढायची, कोणत्या महिन्यात कोणती मासळी कुठे, बायका कालवे फोडायला कोणत्या दगडांवर जातात, जाळी कुठे सुकतात, बोंबील कुठे वाळतात. असा नकाशा सुंदरही झाला असता, भिंतीवरही लावता आला असता आणि सुनावणीच्या दिवशी गुंडाळून काखेतून नेताही आला असता. त्याने निकाल बदलला असता असा माझा दावा नाही. सुरुवातीची कित्येक वर्षे 'तुमच्याकडे पुरावा काय?' या प्रश्नापुढे माणसांना नुसते हात जोडून उभे राहावे लागले नसते, एवढे मात्र नक्की.

बायकांचा उल्लेख मी मुद्दाम केला. मासेमारी म्हटले की सरकारच्या आणि चित्रकाराच्याही डोळ्यांसमोर होडी येते. ओहोटीच्या वेळी खडकांवर वाकून कालवे, तिसऱ्या, खुबे, चिंबोऱ्या गोळा करणारी बाई कोणत्याच परवान्यात, कोणत्याच नोंदीत नसते. तिच्याकडे होडी नाही, म्हणून ती मच्छीमार नाही. भराव पडतो तो मात्र नेमका तिच्याच जागेवर, भरती आणि ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात. जी जागा नोंदीतच नव्हती तिची भरपाई कशी मागायची?

याच पट्ट्याला वेगळ्या बाजूने भिडलेला एक उपक्रम म्हणजे 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'. 2017 पासून ही मंडळी ओहोटीच्या वेळी लोकांना गिरगाव चौपाटी, हाजी अली, जुहू अशा किनाऱ्यांवर घेऊन जातात आणि खडकांच्या खळग्यांतले जीव दाखवतात. पोवळी, समुद्रफुले, गोगलगायी, अष्टपाद हे सगळे मुंबईच्या गढूळ पाण्यात आहे यावर लोकांचा पटकन विश्वास बसत नाही. हा रूढ अर्थाने कलाप्रकल्प नव्हे, हे मान्य. तरी पाहायला शिकवणे हे कलेचे काम असेल तर इतके चांगले काम कुठल्याही दालनात झालेले मला माहीत नाही. शिवाय तिथे घेतलेले फोटो नोंदी म्हणून राहतात. किनारा मार्गाच्या वादात या पट्ट्यातली पोवळी चर्चेत आली आणि 2020 मध्ये हाजी अली व वरळी इथल्या काही पोवळ्यांचे नेव्हीनगरजवळ स्थलांतर करावे लागले. ते योग्य झाले की नाही यावर वाद घालता येईल. पण तिथे जीवच नाहीत असे म्हणून पुढे जाण्याची सोय उरली नाही.

ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात पराग तांडेल आणि कादंबरी कोळी या कलाकार जोडप्याने 'तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज' सुरू केला आहे. कोळी समाजाच्या वस्तू, फोटो, आठवणी, खाणे यांचा हा संग्रह. मला तो महत्त्वाचा वाटतो याचे कारण त्याची मालकी. इथे बाहेरून आलेला कलाकार कोळ्यांचा 'अभ्यास' करत नाही. काय ठेवायचे, काय दाखवायचे, काय घरातच ठेवायचे हे घरची माणसे ठरवतात. चेंदणी ही तर खाडीची वस्ती. शहराने जिच्याकडे पाठ फिरवली आणि मग जिला गटार म्हणायला सुरुवात केली अशी खाडी. अरबी समुद्राच्या लाटांची चित्रे पुष्कळ निघतात, खाडीच्या चिखलाला चित्रकार लाभत नाही. निवट्या हे मासे त्या चिखलातच मिळतात, हे सांगायला तिथलाच माणूस लागतो.

वर्सोव्याकडे 'बॉम्बे 61' या वास्तुरचनाकारांच्या गटाने आणखी वेगळे काम केले. स्थानिक कोळ्यांना सोबत घेऊन त्यांनी मासेमारीच्या जाळ्याचे तत्त्व वापरून खाडीतला कचरा अडवणारी जाळी बसवून पाहिली. डोल जाळे हे ओढायचे जाळे नव्हे. ते पाण्याच्या ओढीसमोर तोंड उघडून स्थिर राहते आणि भरती-ओहोटी त्यात मासळी आणून टाकते. आता त्यात मासळीइतकाच प्लास्टिकचा कचराही येतो, असे कुठलाही नाखवा सांगेल. तेच जाळे कचऱ्यासाठी लावणे ही कल्पना जितकी कडू, तितकीच शहाणी आहे. असे काम प्रदर्शनात मांडले तर कला होते, खाडीत लावले तर यंत्रणा. या दोहोंत भिंत असायची गरज नाही.

मुंबईबाहेरचे एक उदाहरण देतो, कारण तिथला वादही शिकण्यासारखा आहे. चेन्नईत बेझंट नगरला लागून ऊरूर-ऑलकॉट कुप्पम ही मच्छीमार वस्ती आहे. 2015 मध्ये गायक टी. एम. कृष्णा, पर्यावरण कार्यकर्ते नित्यानंद जयरामन आणि इतरांनी वस्तीतल्या लोकांबरोबर तिथे कलामहोत्सव सुरू केला. सभागृहांत रमणारे कर्नाटक संगीत आणि रस्त्यावर वाजणारे परई हे चर्मवाद्य एकाच मांडवात आणले. त्यावर टीकाही झाली. उच्चवर्णीय कलाकार कुप्पममध्ये येऊन गायले म्हणून कुप्पमच्या वाट्याला काय आले, असे विचारले गेले आणि ते बरोबरच होते. पण त्याच वर्तुळातून पुढे 2017 मध्ये एन्नोर खाडीत पडणाऱ्या औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेवर गाणे निघाले, ते राखेच्या मैदानात उभे राहून चित्रित झाले आणि एन्नोर कुठे आहे हेही ज्यांना ठाऊक नव्हते त्यांच्यापर्यंत पोहोचले. इथे कलेने पुराव्याचे नव्हे, साक्षीदाराचे काम केले. तेही माझ्या निकषात बसते. साक्षीदार तक्रारदाराच्या बाजूने उभा आहे ना, एवढे पाहायचे.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो हलका नाही. कलेला असा निकष लावला की ती समाजकार्याची दासी होते, अर्ज-विनंत्यांची सजावट होते. कलाकाराला समुद्र नुसता समुद्र म्हणून, भय म्हणून, रंग म्हणून पाहायची मुभा नको का? हवी, पूर्ण हवी. आपल्या खोलीत बसून समुद्र रंगवणाऱ्याने कोळीवाड्याला काही देणे लागत नाही. माझे भांडण त्याच्याशी नाही. ज्या अर्जात 'स्थानिक समुदाय' हा शब्द निधी मिळवण्यासाठी वापरला जातो, त्या अर्जाशी आहे. शब्द वापरला की हिशेब आला.

दुसरा आक्षेप कोळीवाड्यातूनच येतो: आम्हाला रंग हवा आहे. झोपडपट्टी म्हणून आमची गणना करतात, पुनर्वसनाच्या योजनेत आम्हाला ढकलू पाहतात, मग निदान आमची वस्ती देखणी दिसू दे. हे ऐकल्यावर बाहेरच्या माणसाने उपदेश करू नये. देखणेपणाही कधीकधी ढाल असतो. फक्त रंगासोबत सीमांकनाचा आग्रह धरला तर ती ढाल टिकेल. गावठाण आणि कोळीवाड्यांच्या हद्दी ठरवण्याचे काम या शहरात वर्षानुवर्षे रेंगाळत आले आहे, आणि वाद प्रामुख्याने कशाचा? घरांचा नव्हे, मोकळ्या जागांचा. मासळी वाळवायची खळी, जाळी विणायची जागा, होड्या ओढून ठेवायचा किनारा यांना सरकारी डोळा 'रिकामी जमीन' समजतो. बोंबील वाळत घालायच्या वलांड्या उभ्या असतात त्या जागेला पावसाळ्यात पाहणारा अधिकारी रिकामीच म्हणणार. वर्षभराचे फोटो, महिनावार नोंद, जागेचा वापर दाखवणारी रेखाटने हे काम कलाकार आणि आर्किटेक्चरचे विद्यार्थी उत्तम करू शकतात.

शिवाय समुद्राशी नाते फक्त कोळ्यांचे नाही, हेही बोलले पाहिजे. गिरण्यांत राबलेला चाकरमानी मुंबईत आला तो अनेकदा बोटीने. 17 जुलै 1947 रोजी, स्वातंत्र्याला महिना उरला असताना, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. दिव्याची अवस होती, माणसे सणाला घरी निघाली होती. गिरणगावात आणि रायगडात अशी घरे होती जिथे या घटनेनंतर वर्षे आधीची आणि नंतरची अशी मोजली गेली. आज भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला आरामात जाणाऱ्या किती जणांना ते नाव माहीत असते? समुद्र आणि शहर यांच्यातले नाते म्हणजे सूर्यास्त आणि संध्याकाळचा वारा एवढेच नाही. त्यात बुडालेली माणसेही आहेत. या आठवणी सांगणारी शेवटची पिढी नव्वदीच्या पुढे गेली आहे. इथे निधी हवा तर आत्ता हवा.

तसे पाहिले तर मुंबईचा सर्वांत मोठा लोकसहभागाचा कलाप्रकल्प दरवर्षी समुद्रातच संपतो. लालबागच्या गणपतीची स्थापना 1934 मध्ये झाली ती मासळी विकणाऱ्या आणि इतर छोट्या विक्रेत्यांच्या बाजाराच्या नवसातून. मूर्ती खोल पाण्यात नेण्याचे कसब पिढ्यान् पिढ्या कोळ्यांचे. 2025 च्या विसर्जनात तीच मूर्ती गिरगाव चौपाटीवर भरतीमुळे तासन् तास खोळंबली आणि विसर्जन व्हायला रात्र झाली. चूक कोणाची यावर बरीच उलटसुलट झाली, त्यात मला पडायचे नाही. मला खटकले ते एवढेच की लाखो लोक दूरदर्शन संचासमोर बसून 'हे असे का होतेय?' असे विचारत होते. भरती केव्हा येते आणि केव्हा उतरते हे समुद्राकाठच्या महानगरात सामान्यज्ञान राहिलेले नाही. पावसाळ्यात पालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस जाहीर करते, तेवढीच काय ती ओळख. हाजी अलीच्या वाटेवर पाणी कधी चढेल हे भाविक विचारून घेतात, हा एक अपवाद.

कोकणात आजीआजोबांना यासाठी घड्याळ लागत नसे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, अर्धा-पाऊण तास मागेपुढे. उधाण (मोठी भरती) कधी, भांग (लहान भरती) कधी हेही त्यातूनच कळते. ब्रिटनमध्ये मार्कस व्हर्जेट या शिल्पकाराने 2009 पासून किनाऱ्यांवर घंटा बसवल्या आहेत. पाणी चढले की लाटाच त्या वाजवतात. पहिली डेव्हनमधल्या ॲपलडोरला लागली. आपल्याकडे पंचांग, नाखवा आणि लोहार तिन्ही आहेत. चर्चगेट स्थानकाच्या दर्शनी भागात लोकलच्या वेळांशेजारी आजच्या भरतीची वेळ दिसली, ती कोळीवाड्यातल्या मुलांनी रंगवलेल्या तबकडीवर दिसली, तर नाते शोधण्याची सुरुवात तिथून होईल.

किनारा मार्गाच्या भरावावर सुमारे 70 हेक्टर मोकळी जागा आहे. तिथे बागा होणार, फिरायच्या वाटा होणार आणि आज ना उद्या कलाकृतीही येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. ती जागा काल समुद्र होती. तिथे काय उभे राहावे हे ठरवणाऱ्या समितीत वरळी, माहीम, कफ परेडच्या मच्छीमार सोसायट्यांचे प्रतिनिधी असावेत, खडकावर कालवे फोडणाऱ्या बायका असाव्यात आणि त्यांना मताधिकार असावा, नुसते आमंत्रण नको. कलाकारांच्या मानधनाइतकेच त्यांच्या बुडालेल्या दिवसाचे पैसे अंदाजपत्रकात धरावेत. काढलेले नकाशे, फोटो, मुलाखती यांची एक प्रत सोसायटीच्या कार्यालयात आणि मालकी हक्क सोसायटीकडे राहावा. आणि बैठक सकाळी अकराला ठेवू नये. त्या वेळी कोळीण बाजारात असते आणि संध्याकाळी बाजार पुन्हा भरतो. दुपारी दोन ते चार ही वेळ चालेल.